करमाफीतला मुलगा

अर्थसंकल्प मांडला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या कॉफीला, जयतीर्थ पेल्यातली कॉफी वाटीत ओतता ओतता सहज म्हणाला, "उल्हासराव, तुमच्या चिरंजीवांचं शाळेचं सर्टिफिकेट लागणार बघा यंदा," आणि उल्हासच्या हातातलं बिस्किट अर्धं तुटून कॉफीत पडलं. कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. वर्तमानपत्राचं ते एक पान टेबलावर पसरलेलं असतं आणि जो तो त्यात स्वतःला शोधत असतो. स्कूटर घ्यायचं मनात असलेला गाड्यांच्या करावर बोट ठेवतो, संध्याकाळी घोटभर घेणारा दारूच्या ओळीवर, आणि ज्याला कशाचंच देणंघेणं नाही तो सिनेमाच्या तिकिटावरून सरकारच्या नावानं शंख करतो. उल्हास आजवर त्या पानाकडे फिरकला नव्हता. यंत्रं विकणाऱ्या कंपनीचं ते कार्यालय इंदिरानगरात होतं, त्याच्या खिडकीशी गुलाबी फुलांचं झाड होतं, आणि दर मार्चमध्ये ही गडबड चालू असताना तो त्या झाडाकडे बघत बसे. आज मात्र जयतीर्थानं त्याला हाक मारून त्या पानावर आणून उभं केलं होतं, आणि एकट्याला नव्हे, मुलासकट. "सरी," तो म्हणाला. बंगळूरला आल्यापासून हा एक शब्द त्याला फार सोयीचा वाटे. बरं, कळलं, बघतो, आता पुरे, हे सगळं त्यात मावायचं. पेल्यात पडलेलं बिस्किट बोटानं काढावं की राहू द्यावं हे त्याला ठरवता येईना, तोवर ते फुगून तळाला गेलं.

प्रकरण तसं मामुली होतं. माणूस नोकरी करतो म्हणून राज्य सरकार दरमहा त्याच्या पगारातून थोडासा कर कापून घेतं, तो व्यवसाय कर. फार नसतो, घरच्यांनी एकदा बाहेर जाऊन डोसा खाल्ला तर तेवढे सहज जातात. काही वर्षांमागं अशाच एका अर्थसंकल्पात सरकारला पाझर फुटला आणि एकाच मुलावर थांबून ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं त्यांना हा कर माफ झाला. यंदा सरकारला संशय आला. माफी चालू राहील, पण मूल शिकतंय असा शाळेचा दाखला दरवर्षी द्यायचा. अख्ख्या कार्यालयात या माफीत बसणारा उल्हास एकटाच. पगाराचं काम बघणाऱ्या जयतीर्थाला त्याचं कोण कौतुक! जयतीर्थ धारवाडकडचा, मराठी त्याला येत होती, आणि ती ऐकणारा इथं उल्हासशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे उल्हासवर आपला थोडा जास्त हक्क आहे असं तो धरून चालला होता.

उल्हास नागपूरहून इथं बदलून आला तेव्हा त्याच्या मुलाला, शुभंकरला, जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. सोमवारी डोकं दुखतं म्हणून तो शाळेतून लवकर आला आणि गुरुवारी नव्हता. मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षांचा होता. त्यानंतर नागपूरच्या घरात श्वास घेता येईना, प्रत्येक भिंत भेटायला आलेल्यांच्या सुस्काऱ्यांनी ओली झाल्यासारखी वाटे, म्हणून उल्हासनं बदली मागितली आणि साहेबांना गळ घातली की तिकडे कुणाला काही कळवू नका. साहेब शब्दाचे पक्के निघाले. आणि इथं येऊन बसतो न बसतो तोच ती करमाफी जाहीर झाली, आणि जयतीर्थानं सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात विचारलं, "मुलं किती, उल्हासराव?" उल्हासच्या तोंडून "एक" गेलं. पुढचा शब्द ओठावर तयार होता, पण जयतीर्थाचा दुसरा प्रश्न त्याच्या आधी आला. "ऑपरेशन झालंय?" चार माना वळल्या. "झालंय. माझंच." यावर जो हशा झाला तो वाईट नव्हता, आपुलकीचाच होता. "मोठ्या मनाचे हो तुम्ही," जयतीर्थ म्हणाला, "एकावर थांबायचं, आणि तेही स्वतः करून घ्यायचं! नशीबवान बघा." त्या हशात तो ओठावरचा शब्द मागं राहिला तो राहिलाच. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्या जयतीर्थानं मुलाचं नाव विचारलं.

ते ऑपरेशन ही उल्हासच्या आयुष्यातली अभिमानाची गोष्ट होती. बायकोला, शरयूला, दुसरं मूल हवं होतं. आई तर तोंडाला पदर लावून रडली होती. त्यानं दोघींना समजावलं, आकडेमोड करून दाखवली, एकाला नीट वाढवू म्हणाला, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटा जाऊन आला. गुरुवारनंतर शरयूनं त्यावरून एक शब्द काढला नाही. तिनं बोल लावला असता तर तो पायाशी बसून रडला असता, पण तिनं तेही केलं नाही. आणि इकडे बंगळूरला सरकार दरमहा त्याच्या पगाराच्या चिठ्ठीतली एक जागा कोरी सोडून त्याला शाबासकी देत होतं.

मग मुलगा वाढू लागला. मुलांना वाढायला काही लागत नाही, नुसती चौकशी पुरते. जूनमध्ये कुणी विचारायचं कितवीत गेला, दिवाळीत कुणी विचारायचं फटाके किती आणले. उल्हास आधी एकेका शब्दात उत्तरं द्यायचा. पण एकेका शब्दात मुलाची हकिगत सांगणारा बाप लोकांना चमत्कारिक वाटतो, म्हणून तो दोन शब्द बोलू लागला, आणि दोनाचे चार कधी झाले हे त्यालाच कळलं नाही. फार हुशार दाखवला तर नजर लागेल, ही भीती त्याला वाटायची. हो, खरोखर वाटायची! म्हणून सातवीच्या सहामाहीत त्यानं त्याला गणितात नापास केलं. त्या दिवशी तो कार्यालयात खरंच चिडलेला होता. आठवीत मुलाला कन्नड बोलता येऊ लागलं आणि तो बापाला हसू लागला. नववीत आवाज फुटला. मग इतर बापांसारखा उल्हासही कुरकुरू लागला, ऐकत नाही, उलट बोलतो, सारखा क्रिकेट, उजव्या हातानं वेगात चेंडू टाकतो आणि मनगट धरून बसतो. जयतीर्थानं त्याच्यासाठी लेकीची दहावीची जुनी गाइडं आणून दिली, पेन्सिलीच्या खुणांसकट. ती कुठं ठेवायची? घरी नेणं शक्य नव्हतं. कार्यालयातल्या खणात ठेवली तर दिसणार. उल्हास एकेक गाइड बॅगेत घालून फिरवायचा आणि बसमध्ये वाचायचा. दहावीचं बीजगणित त्याला आता शुभंकरला शिकवता येईल इतकं चांगलं येऊ लागलं होतं. कुणी मुलासाठी म्हणून लाडू दिले, चिरोटे दिले, तर तो जे. पी. नगरला उतरून बागेतल्या बाकावर बसायचा आणि एकटाच सगळे खाऊन टाकायचा. मुलाच्या वाटणीचं खाताना त्याला घास गिळवत नसे, पण टाकवतही नसे. पुडीचा कागद घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला की तोंड पुसून घरी.

यात चूक काय झाली ते त्याला अलीकडे कळू लागलं होतं, आणि तिची त्याला भीती वाटत होती. बसमध्ये दाराशी उभं राहिलेलं एखादं पोर, ओठांवर काळसर लव, मनगटावर दोरा, केस कपाळावर. उल्हास वळून वळून बघायचा. तो रोज असा कुठं ना कुठं दिसायचा. चौकात, सायकलच्या दुकानापाशी, मैदानाच्या कडेला पाठमोरा. पण दिसायचा तो हा, पंधरा वर्षांचा. नऊ वर्षांचा दिसेनासा झाला होता. डोळे मिटून तो नागपूरच्या घराच्या पायऱ्या चढायचा, दार ढकलायचा, आणि आतून धावत यायचा तो हा घोगऱ्या आवाजाचा, उंच, अनोळखी मुलगा. खऱ्याचा आवाज कसा होता? 'बाबा' म्हणताना तो पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा की दुसऱ्या? काही केल्या आठवेना. कार्यालयातल्या मुलानं घरातल्या मुलाला हळूहळू खाऊन टाकलं होतं, आणि त्याला भरवत होता उल्हास स्वतः. कधी कधी त्याला त्या मोठ्याचा राग यायचा, इतका की त्याला संपवून टाकावं वाटे. आणि मग दाखल्यासारखी साधी गोष्ट समोर आली की तो मागं सरायचा, कारण तो दाखला न देणं म्हणजे त्याला संपवणंच होतं. एकदा एक मुलगा हातातून गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ते कसं जमावं!

घरात शुभंकरचं नाव निघत नसे. असं काही ठरलं नव्हतं, पण इथं आल्यावर पहिल्या दिवशी सामान लावताना शरयूनं त्याचा फोटो असलेली ट्रंक पलंगाखाली सरकवली, उल्हासनं ती आणखी आत ढकलली, आणि तेवढ्यानं ते ठरून गेलं. खाली राहणारे घरमालक हणमंतराव आणि इंदिराबाई ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची मराठी माणसं, चिकपेटेत साड्यांचं दुकान. त्यांनी सुरुवातीला मुलाबाळांचं विचारलं तेव्हा शरयूनं नुसती मान हलवली, आणि तिथं शुभंकर जन्मालाच आला नाही. म्हणजे एका जिन्याच्या खाली तो नव्हताच, वर तो नऊ वर्षांचा ट्रंकेत होता, आणि इंदिरानगरात दहावीच्या परीक्षेला बसणार होता. त्या संध्याकाळी हणमंतराव जिन्याशीच भेटले. "बघिटलं का बजेट? साड्यांवर यंदा आणि चढवलं बघा," ते म्हणाले, "स्वल्प स्वल्प करत गळ्यापर्यंत आलं. तुम्हां पगारवाल्यांचं बरं हाय. कापतात ते कळत बी नाही." उल्हास म्हणाला, "सरी," आणि वर गेला. शरयू कोथिंबीर निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "उशीर झाला आज?" तो म्हणाला, बस मिळाली नाही. तिच्याशी तो खोटं बोलत नसे. फक्त खरं कार्यालयात आणि बागेत ठेवून यायचा.

पुढचे दिवस जयतीर्थानं त्याला पळता भुई थोडी केली. माणूस भला असला की त्याच्यापासून सुटका नसते. दाखला आणला का? मुलगा अभ्यासात आहे, तुम्हाला वेळ नाही, ठीक, देवाप्पाला पाठवतो शाळेत. शिपाई मोकळाच बसलाय. शाळा कुठली म्हणालात? उल्हासनं शाळेचं नाव कधी घेतलंच नव्हतं, घेतलं असतं तर ती शाळा जाता-येता दिसली असती. तो म्हणाला, मीच आणतो. मग एकदा धीर करून म्हणाला, "राहू दे हो, कापा कर. किती असतो तो!" जयतीर्थ दुखावला. "असं कसं? हक्काचं आहे. ऑपरेशन काय उगीच केलं? आणि मुलगा काय कर्नाटक सरकारनं पोसलाय?" शेजारची दोन माणसं हसली. उल्हासही हसला. हसताना त्याला ते सगळे चेहरे दुसऱ्याच तऱ्हेचे दिसू लागले, नागपूरचे त्या आठवड्यातले, खांद्यावर हात ठेवणारे, ओठ आत ओढलेले. खरं सांगितलं तर तो खोटारडा ठरणार होता, काही रुपयांसाठी मेलेला मुलगा वापरणारा. हे तर होतंच. पण ती त्याची मोठी भीती नव्हती. या माणसांनी शुभंकरचा आवाज फुटताना ऐकला होता, त्याच्या मनगटाला तेल सुचवलं होतं. त्यांना तो गेल्याचं कसं सांगायचं? त्यांचं तर नुकसान आत्ता व्हायचं होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळचे दिवे लागायच्या वेळी, खालच्या फाटकाची कडी वाजली. उल्हास आतल्या खोलीत इस्त्री करत होता. हणमंतरावांचा कन्नड आवाज, मग दुसरा एक कन्नड आवाज, आणि तो ओळखून उल्हासच्या हातातली इस्त्री थांबली. जिन्यावर चपला वाजल्या. शरयूनं दार उघडलं. मधल्या दाराला पडदा होता. उल्हासला पुढं होता आलं असतं, दोन पावलं तर होती. पण तो इस्त्री तशीच सदऱ्यावर टेकवून उभा राहिला. सदऱ्याला करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठं त्यानं इस्त्री उभी केली.

"वैनी, मी जयतीर्थ. उल्हासरावांच्या ऑफिसातला. पहिल्यांदाच येतोय, तेही न कळवता."

"या नं. बसा. येतीलच ते," शरयू म्हणाली. उल्हास पडद्याआड आहे हे तिला माहीत होतं. पण करपल्याचा वास तिलाही आला असणार, आणि नवरा पुढं येत नाही म्हणजे काहीतरी आहे, एवढं तिला लगेच कळलं असणार.

"नाही नाही, बसत नाही. आज जयनगरच्या मठात गेलो होतो. राघवेंद्रस्वामींच्या मंत्राक्षता आणल्यात. परीक्षेला जाताना मुलाच्या डोक्यावर टाका. आमच्याकडं ही पद्धत आहे. माझ्या लेकीला टाकल्या होत्या, तर बघा, फर्स्ट क्लास. कुठं आहेत शुभंकरराव?"

पडद्याआड उल्हासनं टेबलाची कड धरली. खालून इंदिराबाईंच्या कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावरून रिक्षा गेली. शरयूच्या कानावर ते नाव परक्या माणसाच्या तोंडून, इतक्या मोठ्यानं, किती वर्षांनी पडलं होतं! आता ती कोसळेल, आता ओरडेल, आता पडदा ओढेल, असं त्याला वाटत होतं, आणि यातलं काहीतरी व्हावं असंही वाटत होतं.

"मित्राकडे गेलाय," शरयू म्हणाली. "अभ्यासाला."

"उत्तम, उत्तम. आणि मनगट कसं आहे? उजवा हात म्हणजे लिहायचा हात, म्हटलं ऐन परीक्षेत—"

"डावरा आहे तो," शरयू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "लिहितो डाव्यानं."

"असं होय! मग काळजीच मिटली." जयतीर्थ खूश झाला, कॉफी नको म्हणाला, मंत्राक्षतांची पुडी तिच्या हातात देऊन निघाला. दाखल्याचं मात्र जाता जाता सांगून गेला, "तेवढं सर्टिफिकेट पाठवा वैनी, नाहीतर सरकार कापायला बसलंय."

पडद्याआड उल्हासला काही ऐकू येत नव्हतं. डावरा. त्याला पुढ्यात, अगदी हाताच्या अंतरावर, एक तळवा दिसत होता, छोटा, डावा, करंगळीच्या खालची कड निळ्या शाईनं माखलेली. डाव्या हातानं लिहिताना ओली अक्षरं पुसत जायची ती शाई. नागपूरच्या घरात दिव्याच्या बटणांभोवती, दाराच्या चौकटीवर, उल्हासच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर त्या कडेचे निळे डाग असत. उल्हासची आई त्या डाव्या हातावर चापट मारायची आणि तो ओरडायचा, बाबा! पहिल्या अक्षरावर जोर, दुसरं लांबवलेलं. ऐकू आला. अगदी तोच, तसाच. ही गोष्ट आपण कशी विसरलो? कार्यालयातल्या त्या पोराच्या उजव्या हातात चेंडू देऊन किती दिवस आपण फुशारकी मारली! उल्हास टेबलाशी उभ्याउभ्या रडू लागला. नागपूरला आला नव्हता एवढा मोठा हुंदका त्याला आला आणि तो दाबायचंही त्याला सुचलं नाही.

शरयू आत आली ती पुडी हातात घेऊनच. इस्त्रीचं बटण बंद केलं, करपलेला सदरा बाजूला काढला आणि पलंगावर बसली. "कितवीत आहे?" तिनं विचारलं.

"दहावीत."

"हो. दहावीतच असता." तिनं मनात हिशेब केला नव्हता, तिला तो पाठ होता, हे त्याला कळलं. "काय बोलून राहिले होते ते? सर्टिफिकेट कशाचं?"

त्यानं कर सांगितला, माफी सांगितली, तो पहिला हशा सांगितला. तिथं थांबायचं होतं, पण ती म्हणाली, "मग?" तो पुढं सांगू लागला. सगळं सांगितलं. सहामाहीत नापास केल्याचं सांगितलं तेव्हा ती एकदम हसली, पदर तोंडाशी नेऊन. असं हसताना त्यानं तिला या घरात पाहिलं नव्हतं. चिरोटे बागेत खाल्ल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "त्याला चिरोटे आवडत नव्हते." कन्नड येतं म्हटल्यावर, "त्याला आलंच असतं. कान तयार होता त्याचा." उंची विचारली. उल्हासनं हात वर करून दाखवली, तर उठून उभी राहिली आणि त्याचा हात जरा खाली आणला. "माझ्या घरात कुणी इतकं उंच नाही," ती म्हणाली. बाहेर पुरता अंधार पडला होता आणि दिवा लावायचं दोघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर तो शिक्षेची वाट बघत बसला. ती पुडीवरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"मी घरात त्याला नऊ वर्षांचाच ठेवला," ती म्हणाली. "रोज तोच सोमवार. रोज तो शाळेतून येतो, डोकं दुखतं म्हणतो. एवढंच होतं माझ्याजवळ. आणि तुम्ही तिकडे मला न विचारता एकट्यानं त्याला वाढवलंत."

माफी मागावी असं उल्हासच्या मनात आलं, पण कशाची मागायची? मुलाला जिवंत ठेवल्याची, की तिला वाटा न दिल्याची? तो तिच्या शेजारी जाऊन बसला. तिनं त्याला दूर केलं नाही, पण डोकंही टेकवलं नाही. काही वेळानं उठून तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली. गंजलेल्या कड्यांचा आवाज झाला. फोटो काढून तिनं पदरानं पुसला आणि गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर, डब्यांच्या शेजारी, स्वयंपाक करताना दिसेल असा ठेवला. मग कणीक मळायला घेतली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी उल्हास नेहमीच्या वेळेला निघाला. चपला घालताना शरयू वाटी घेऊन आली. दही-साखर. त्यानं उजवा हात पुढं केला. "डावा," ती म्हणाली. त्यानं डावा तळवा पसरला, तिनं चमचाभर दही त्यावर ठेवलं, आणि तो लहान मुलासारखा तळवा चाटून मोकळा झाला. मग तिनं पुडी उघडली, केशरी तांदळाचे दाणे चिमटीत घेतले आणि त्याच्या डोक्यावर टाकले. "सांगून या आज," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. चांगले आहेत ते." खाली हणमंतराव फाटकाशी उभे होते, त्यांनी वर पाहिलं, काही विचारलं नाही. बसमध्ये परीक्षेला निघालेली मुलं होती, हातात पुठ्ठे, ओठ हलत असलेले. उल्हासनं त्यांच्यात त्याला शोधलं, सवयीनं. उंच मुलगा कुठंच नव्हता. दाराशी उभी असलेली सगळी लोकांची मुलं होती.

कार्यालयात पोचल्यावर तो आपल्या टेबलाशी न जाता सरळ जयतीर्थाच्या टेबलाशी गेला. जयतीर्थ तोंडभर हसला. "गेला का पेपरला? आणि सर्टिफिकेट?"

"सर्टिफिकेट नाही मिळायचं, जयतीर्थ. या महिन्यापासून कर कापा." उल्हास समोरच्या खुर्चीत बसला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. "शुभंकर गेला. मी इथं येण्याआधीच, नागपूरला. नऊ वर्षांचा होता. तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि मला सांगता आलं नाही. पुढं कधीच आलं नाही."

जयतीर्थाचं हसू लगेच गेलं नाही. त्याला कुठं जायचं तेच कळेना. त्यानं पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. खिडकीतून त्या झाडाची गुलाबी फुलं आत येऊन पगाराच्या कागदांवर पडली होती, ती त्यानं एकेक करून बाजूला केली. राग आला असावा, किंवा लाज वाटली असावी, किंवा तो मनातल्या मनात ती सगळी वर्षं, लेकीची गाइडं, मनगटाचं तेल, एकामागून एक परत आठवून बघत असावा. मग मान वर करून, अगदी हळू, शेजारच्या टेबलालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं विचारलं, "मग त्या मंत्राक्षता?"

उल्हासनं केसांतून हात फिरवला. एक केशरी दाणा टेबलावर पडला.

"पोचल्या," तो म्हणाला.